वस्तऱ्याने दाढी: पहिल्या खरेदीत या चुका टाळा

पहिला वस्तरा घेणारे बरेच जण मूठ बघून भुलतात. शिंगाची मूठ, पितळी खिळे, पात्यावर लाटांची नक्षी. दाढी मात्र धार करते, आणि धार फोटोत दिसत नाही. त्यामुळे सुरुवातीच्या बहुतेक तक्रारी चेहऱ्याच्या किंवा हाताच्या नसून खरेदीच्या असतात.

नवा म्हणजे तयार, असं समजणं

कारखान्यातून आलेला नवाकोरा वस्तरा अनेकदा दाढीच्या लायकीचा नसतो. बारीक दगडावर हाताने शेवटची धार लावल्याशिवाय तो केस कापत नाही, ओढतो. विकणाऱ्याला सरळ विचारा: धार कुणी लावली आणि कोणत्या दगडापर्यंत नेली? 'एकदम धारदार आहे' हे उत्तर झालं नाही. कागद कापून दाखवला तर तोही पुरावा नव्हे. कागद साधी सुरीसुद्धा कापते, शिवाय त्या खेळात वस्तऱ्याची नाजूक धार बोथट होते ती वेगळीच.

वस्तरा, पट्टा (धार नीट ठेवण्यासाठी पातं ज्यावर फिरवतात तो), ब्रश, वाटी, साबण असं सगळं एका डब्यात अगदी स्वस्तात मिळत असेल तर हात आवरा. अशा संचांतलं पोलाद बऱ्याचदा इतकं मऊ असतं की धार लावली तरी टिकत नाही. जाणकार त्याला 'वस्तऱ्याच्या आकाराची वस्तू' म्हणतात, आणि ते फारसं चूक नाही.

माप आणि टोक

पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. नवशिक्याने ५/८ (साधारण १६ मिलिमीटर) किंवा ६/८ घ्यावं. त्याहून रुंद पातं दिसायला रुबाबदार, पण नाकाखाली वळवताना अडतं. टोक गोल असू द्या. चौकोनी टोक कानाजवळ आणि ओठाच्या कोपऱ्यात नेमकं टोचतं.

जुना वस्तरा घ्यायला हरकत नाही. जर्मनीतलं झोलिंगन आणि इंग्लंडमधलं शेफील्ड इथले जुने वस्तरे आजही उत्तम चालतात. पात्याच्या पाठीवरचे, म्हणजे धारेसमोरच्या जाड कडेवरचे, डाग चालतील, धारेला लागून असलेले गंजाचे काळे खड्डे चालणार नाहीत. बारीकशी चीर दिसली तरी सोडून द्या. धार मधोमध आत गेलेली असेल किंवा पाठ एका बाजूने जास्त घासलेली असेल, तर दुरुस्तीचा खर्च वस्तऱ्यापेक्षा जड जातो. मुठीचा खिळा सैल असणं ही किरकोळ बाब आहे.

पट्ट्यावर कंजुषी किंवा उधळपट्टी

चामड्याचा पट्टा ऐच्छिक नाही. प्रत्येक दाढीआधी त्यावर पातं फिरवावं लागतं. पण पहिलाच पट्टा महागाचा घेऊ नका, कारण शिकताना त्याला चिरा पडतातच. अडीच ते तीन इंच रुंद, मागे कॅनव्हासची पट्टी असलेला, टांगायचा साधा पट्टा पुरे. कॅनव्हासवर २०–३० आणि चामड्यावर ४०–६० फेऱ्या, पाठ पुढे आणि धार मागे, भार जवळजवळ नाही. वळवताना पातं पाठीवर वळवायचं. धारेवर वळवलं की चामडंही कापलं जातं आणि धारही मोडते. पट्टा ढिला सोडला तर तो पात्याभोवती वाकतो आणि धार गोल होते. धार लावायची हिरवी पेस्ट याच चामड्याला फासू नका, तिच्यासाठी वेगळा तुकडा ठेवा.

पहिल्याच दिवशी दगड घेणं

१००० ग्रिटपासून १२००० पर्यंत (आकडा मोठा तितका दगड बारीक) दगडांची रांग मोहात पाडते. थांबा. हातही नवा आणि धारही स्वतः लावलेली असेल, तर दाढी बिघडल्यावर दोष कुणाचा हे कळायला मार्ग उरत नाही. पहिली धार जाणकाराकडून लावून घ्या, म्हणजे संशयितांच्या यादीतून एक नाव कमी होतं. अदलाबदलीच्या ब्लेडचा वस्तराही 'सरावासाठी' म्हणून घेऊ नका. तो हलका असतो, कोन जरा चुकला तरी चावतो, आणि माणूस वस्तऱ्याचा नादच सोडतो.

बिघडलंय कुठे?

केस ओढले जातात? त्याच फेसावर नेहमीचा रेझर फिरवून बघा. तोही अडखळला तर फेस कोरडा आहे, पाणी वाढवा. तो सुळकन गेला तर संशय वस्तऱ्याच्या धारेवर.

सुरुवातीच्या दाढ्या छान झाल्या आणि मग ओढायला लागला, तर पट्ट्यावरची पद्धत तपासा. बहुधा पाठ उचलली जात असते. पात्याचा फक्त टोकाकडचा भाग ओढत असेल तर तो भाग पट्ट्याला नीट टेकत नाही. पट्टा तीन इंचांपेक्षा अरुंद असेल तर पातं तिरकं सरकवत न्यावं लागतं.

ओढत नाही, तरी नंतर आग होते? मग दोष बहुधा धारेचा नाही. पातं त्वचेशी साधारण ३० अंशांत आहे का आणि हात जड पडतोय का, ते बघा.

ब्रश, वाटी यांच्यावर फार डोकं लावू नका. कृत्रिम केसांचा ब्रश आणि घरातली कुठलीही वाटी चालते. डब्यातला तयार फेस मात्र लवकर सुकतो, त्यापेक्षा साबण किंवा क्रीम बरं. रक्ताच्या ठिपक्यांसाठी तुरटीचा खडा हाताशी असू द्या.

कार्बन पोलादाचं पातं ओलं असताना मुठीत मिटू नका आणि वस्तरा न्हाणीघरात ठेवू नका, गंज तिथेच धरतो. पट्टा नीट वापरला तर एकदा लावलेली धार काही महिने जाते. पट्ट्याने ती परत येईनाशी झाली की वस्तरा धार लावायला पाठवायचा, आणि दुसरा वस्तरा घ्यायचाच असेल तर तो तेव्हा घ्या.