घरच्या खोलीत लोकगीत रेकॉर्ड करून बाहेर कसं काढायचं

पहिलं सांगतो, माईक घ्यायला पळू नका. मी आधी एका स्टुडिओत तासाच्या हिशोबाने पैसे घातले, तिथल्या माणसाने हलगीला इतका रिव्हर्ब (मशीनने चढवलेला घुमारा) लावला की गाणं विहिरीत पडल्यासारखं वाटत होतं, आणि वर ट्रॅकच्या वेगळ्या फाईल्स मागितल्या तर मिळाल्याच नाहीत. तेव्हा ठरवलं, आपलं आपण करायचं.

माईकच्या आधी खोली बघा. लहान असली तरी चालती, पण मोकळ्या भिंती नकोत, आवाज घुमतो. शिवाजी पेठेतल्या आमच्या माळ्यावर मी गाद्या उभ्या केल्या, मागं रजई टांगली, पंखा बंद, फ्रीजचं बटण बंद (परत चालू करायला विसरू नका, आमचं दूध नासलंय). गणपतीच्या दिवसांत तर नादच करू नका, रात्री दोनलापण ढोल चालू असतोय. माईक तोंडापासून वीतभर लांब, जरा तिरका. कंडेन्सर माईक (वीज लागणारा नाजूक माईक) असेल तर इंटरफेसवरचं, म्हणजे माईक कॉम्प्युटरला जोडायच्या डब्यावरचं, 48 व्होल्टचं बटण दाबावं लागतं, मी पहिल्या दिवशी अर्धा तास माईकच खराब म्हणून बसलो होतो. सेटिंग 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, फाईल वेव्हच (WAV) ठेवा, आणि सगळ्यात जोरात गाताना सॉफ्टवेअरमधलं आवाजाचं मीटर उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी फुकट आहे, सुरुवातीला बास झालं.

आता खरी गोम. क्लिक (कानात एकाच वेगात वाजणारी टिकटिक) लावून गाऊ नका! पोवाडा काय, आपलं जोरकस गाणं काय, शेवटाकडं लय चढतीच, तीच तर मजा, क्लिकवर घेतलं की गाणं शाळेतल्या कवायतीसारखं होतंय. मी काय करतो, आधी सगळ्यांना एकत्र बसवून एक कच्चा टेक घेतो, तो हेडफोनवर ऐकत मग एकेक वाद्य परत वेगळं घेतो. म्हणजे लय माणसांची राहते आणि आवाज पण स्वच्छ येतो. तुणतुणं गायकाच्या पट्टीत आधीच लावून घ्या, काळी एक (पेटीवरची पहिली काळी पट्टी) तर काळी एक, नंतर मशीनने ओढाताण नको. हलगी सगळ्यात शेवटी, माईक पाच-सहा फूट लांब ठेवून. चामड्याची असेल तर शेकून घ्यायची, थंड झाली की आवाज उतरतो, म्हणून प्रत्येक टेकआधी परत शेका, नाहीतर पहिलं कडवं एका आवाजात आणि शेवटचं दुसऱ्याच. पावसाळ्यात तर पान इतकं ढिलं पडतंय की वैताग येतो, तेव्हा फायबरची वापरली तरी कोण फाशी देत नाही.

मग कागद. हलगीवाला आपला दोस्त असला तरी एका पानावर लिहा, एकरकमी किती का कमाईत वाटा किती, आणि दोघांनी सह्या करा. गाण्याचं पण बघा. आजीची जात्यावरची ओवी असेल तर 'पारंपरिक' लिहा, आपलं नाव गीतकार म्हणून ठोकू नका. पण जत्रेत सगळे गातात म्हणून गाणं पारंपरिक असतंय असं नाही, कवी माहीत असेल तर त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क घरच्यांकडं असू शकतो. स्वतःचे शब्द, चाल असेल तर आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व घ्या.

बाहेर काढायला डिस्ट्रिब्युटर (गाणं स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोचवणारी कंपनी) लागतो, तो आयएसआरसी नंबर देतो, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख, अक्षरं-आकडे मिळून 12, तो वहीत लिहून ठेवा, उद्या कंपनी बदलली तरी तोच वापरायचा. गाणं बाहेर यायच्या तारखेच्या महिनाभर आधी टाका, स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट लावणाऱ्या संपादकांना ते त्या तारखेच्या निदान 7 दिवस आधी पाठवावं लागतं. आणि तिथं वर्षात 1000 वेळा ऐकलं गेल्याशिवाय त्या गाण्याचे पैसेच सुरू होत नाहीत, त्यामुळे रॉयल्टीवर घर चालवायचा हिशोब मांडू नका, घर जत्रा-लग्नाच्या सुपाऱ्यांवरच चालतंय.

आणि हो, आपल्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग आजच ठरवा, एका गाण्याला एक आणि दुसऱ्याला दुसरं दिलं की दोन वेगळे गायक तयार होतात, माझे झालेत, एक अजून निस्तरतोय.