इटालियन वाईन शिकताना: आधी वाण, मग डोंगर

इटलीच्या वाईनचा अभ्यास सुरू करणारे बरेच जण नकाशा उघडून २० प्रांत आणि त्यांतली शेकडो नावं पाठ करायला बसतात. नुसत्या अधिकृत नोंद असलेल्या द्राक्षवाणांची संख्याच साडेतीनशेच्या वर आहे. त्यामुळे हे पाठांतर पंधरा दिवससुद्धा टिकत नाही. डब्ल्यूएसईटी या वाईनच्या परीक्षेच्या दुसऱ्या-तिसऱ्या पातळीची तयारी असो, की हॉटेल मॅनेजमेंट संपवून रेस्टॉरंटमधली नवी नोकरी असो, दहा-बारा वाण आधी जिभेवर पक्के बसवावेत आणि मग तो वाण कुठल्या उतारावर कसा वागतो ते पाहावं. इटलीत हा क्रम विशेष उपयोगी पडतो, कारण तिथले नियम, माती आणि बाटलीवरचं नाव हे सगळं वाणाच्या स्वभावाशी जुळवून बसवलेलं आहे.

वाण ओळखायचा तीन खुणांवर: रंग किती गडद, आम्लता किती, टॅनिन किती. वासाचा नंबर नंतर लागतो, कारण लाकडी पिंपाप्रमाणे आणि वयाप्रमाणे वास पार बदलतो. मूळ बांधणी मात्र बरीचशी टिकून राहते. नव्या माणसाची गफलत होते ती आम्लता आणि टॅनिन वेगळे काढताना. त्यासाठी एका ग्लासात बिनसाखरेचं लिंबूपाणी घ्या आणि दुसऱ्यात १० मिनिटं पत्ती भिजवून थंड केलेला कोरा चहा. लिंबूपाणी गिळल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटतं, ती आम्लता. चहाने हिरड्या आणि गाल आतून कोरडे पडतात, ते टॅनिन. आलटून पालटून चार-पाच दिवस हे करा. इटलीच्या नामांकित रेड वाईनमध्ये दोन्ही एकदम येतात आणि सराव नसला की सगळंच ‘स्ट्राँग’ वाटतं.

आता लेबल. त्यावर कधी ठिकाणाचं नाव असतं, कधी वाणाचं, कधी दोन्ही. बारोलो, कियांती, सोआव्हे ही ठिकाणं. बार्बेरा दाल्बा म्हणजे आल्बा परिसरातला बार्बेरा हा वाण. सगळ्यांत जास्त मार्क जातात ते मोंतेपुल्चानोवर. ‘व्हिनो नोबिले दी मोंतेपुल्चानो’ ही तोस्काना (टस्कनी) प्रांतातल्या त्या नावाच्या गावची, मुख्यतः सांजोवेझे या वाणाची वाईन. ‘मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो’ अब्रुत्सो प्रांतातली, मोंतेपुल्चानो नावाच्या वाणाची. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. लेबलावर कायदेशीर दर्जाही असतो: डीओसी, म्हणजे ठरलेल्या भागात ठरलेल्या नियमांनी केलेली वाईन, हा दर्जा १९६३च्या कायद्याने आला, त्यावरचा डीओसीजी प्रत्यक्षात १९८० पासून मिळू लागला आणि सैल नियमांचा आयजीटी १९९२ साली आला. ‘क्लासिको’ म्हणजे त्या भागातला जुना, मूळ पट्टा. ‘रिझेर्व्हा’ म्हणजे जास्त काळ मुरवलेली. ‘सुपेरिओरे’ म्हणजे सहसा थोडं जास्त अल्कोहोल आणि थोडे कडक नियम. यांपैकी एकही शब्द वाईन चांगली असल्याची हमी देत नाही.

सुरुवात वायव्य इटलीतल्या पियेमोंतेपासून करावी असं माझं ठाम मत आहे. तिथे एकाच टेकडीवर तीन वाण शेजारी शेजारी शिकता येतात. नेबिओलोला फुटवा लवकर येतो आणि पीक फार उशिरा, बहुधा ऑक्टोबरमध्ये, तयार होतं. वसंतातल्या हिमाचा धोका आणि शरदातल्या पावसाचाही. म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेले, सर्वाधिक ऊन मिळणारे उतार त्याला दिले जातात. बार्बेराला त्याखालोखालचे, आणि लवकर पिकणाऱ्या दोल्चेत्तोला थंड, उंचावरचे. ग्लासात फरक असा पडतो: बार्बेरा गडद जांभळा, आम्लता भरपूर, टॅनिन कमी. दोल्चेत्तोही गडद, पण आम्लता बेताची आणि टॅनिन जाणवण्याइतकं. नाव गोड वाटलं तरी वाईन कोरडी असते. नेबिओलो मात्र फिका, कडेला लवकरच विटकरी झाक येणारा, आणि आम्लता-टॅनिन दोन्ही चढे. गुलाब, सुकी चेरी, डांबर असा वास. रंग पाहून ‘हलकी वाईन’ असं लिहून टाकणारे इथेच फसतात.

नेबिओलोचीच बारोलो. ती किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडात. शेजारच्या बार्बारेस्कोला २६ महिने पुरतात, लाकडात ९. बारोलोच्या हद्दीत ११ गावं येतात आणि तिथे माती बदलली की वाईन बदलते. पश्चिमेकडच्या ला मोर्रा परिसरात निळसर मार्ल, म्हणजे चुनखडीयुक्त चिकणमाती आहे. तिथली बारोलो सुगंधी आणि तुलनेने लवकर पिण्याजोगी होते. पूर्वेकडच्या सेर्रालुंगा आणि मोंफोर्तेची माती अधिक जुनी, घट्ट, वालुकाश्म मिसळलेली. तिथलं टॅनिन अनेक वर्षं नमत नाही. सुरुवातीलाच बारोलोवर पैसे घालायची गरज नाही. ‘लांघे नेबिओलो’ लिहिलेली बाटली घ्या, वाण तोच, मुरवण्याची सक्ती तेवढी नाही आणि किंमतही बरीच कमी.

तोस्कानात सगळं सांजोवेझेभोवती फिरतं. रंग मध्यम, आम्लता चढी, टॅनिन मध्यम ते चढं. आंबट चेरी, सुकलेली पानं, टोमॅटोच्या पानासारखा हिरवट वास. कियांतीची हद्द १७१६ मध्ये तोस्कानाचा शासक कोसिमो तिसऱ्याने जाहीरनाम्याने आखून दिली. पण १९६७च्या डीओसी नियमांत या लाल वाईनमध्ये १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षं घालण्याची सक्ती होती, आणि त्याने वाईन पातळ होत गेली. चांगल्या उत्पादकांनी मग नियमाबाहेर जाऊन वाईन केली. १९७१च्या पिकाची तिन्यानेल्लो ही त्यातली गाजलेली. या ‘सुपर टस्कन’ अनेक वर्षं साध्या टेबल वाईनच्या दर्जात विकल्या गेल्या, आणि किंमत मात्र कियांतीहून चढी. आज कियांती क्लासिकोत किमान ८० टक्के सांजोवेझे लागतो आणि २००६च्या पिकापासून पांढऱ्या द्राक्षांना बंदी आहे. दक्षिणेला मोंताल्चिनो जास्त उबदार आणि कोरडं. १७३८ मीटर उंचीचा मोंते आम्याता त्याला वादळी पावसापासून आडोसा देतो, म्हणून तिथला सांजोवेझे भरदार होतो. ब्रुनेल्लो १०० टक्के सांजोवेझेचीच असावी लागते आणि काढणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीआधी बाजारात येत नाही. तिच्याऐवजी सरावाला ‘रोस्सो दी मोंताल्चिनो’ चालते.

महाराष्ट्रात सांजोवेझे घरच्या मातीतलाही मिळतो. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या पट्ट्यात इटालियन भागीदारीतून त्याची लागवड झाली आहे. सरावाला तो उत्तम आणि खिशाला परवडणारा. फक्त त्याला मोजपट्टी समजू नका. आपल्याकडे द्राक्षं उन्हाळ्याच्या तोंडावर काढली जातात. तोस्कानात ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, रात्री गार होत असताना पिकतात. आम्लतेतला फरक तिथून येतो.

ईशान्येकडच्या व्हेनेतोत वाणापेक्षा काढणीनंतरची प्रक्रिया समजून घ्यायला हवी. व्हाल्पोलिचेल्लातला मुख्य वाण कोर्व्हिना: रंग मध्यम, टॅनिन कमी, आंबट चेरीचा. साधी व्हाल्पोलिचेल्ला हलकीच असते. तिथल्याच अमारोने या जड वाईनसाठी मात्र हेच घड सुकवतात. हाताने निवडतात ते विरळ दाण्यांचे, निरोगी घड, कारण दाटीत हवा खेळत नाही आणि एक दाणा कुजला की शेजारचे कुजतात. एकाच थरात क्रेटमध्ये मांडून ते हवेशीर माळ्यावर ठेवतात. नियमाप्रमाणे सर्वसाधारणपणे १ डिसेंबरपूर्वी त्यांचा चुरा करता येत नाही. अनेक उत्पादक जानेवारीपर्यंत थांबतात. तोवर साधारण तृतीयांश वजन उडतं, म्हणजे १०० किलोचे ६५ किलो उरतात, आणि साखर, आम्ल, साल सगळं दाटतं. मग कडाक्याच्या थंडीत किण्वन सुरू होतं. इतक्या साखरेत आणि चढत्या अल्कोहोलमध्ये यीस्टला काम जड जातं, ते आठवडेच्या आठवडे चालतं. यीस्टने साखर जवळजवळ संपवली की अमारोने, अल्कोहोल किमान १४ टक्के. मधेच थांबलं, किंवा थांबवलं, की गोड रेचोतो. अमारोनेच्या उरलेल्या चोथ्यावर साधी व्हाल्पोलिचेल्ला पुन्हा किण्वायला ठेवली की रिपासो. व्हाल्पोलिचेल्ला, रिपासो, अमारोने याच क्रमाने एका बैठकीत चाखा.

याच भागातली प्रोसेक्को ही बुडबुड्यांची वाईन किमान ८५ टक्के ग्लेरा वाणाची असते आणि तिचे बुडबुडे बहुधा दाबाच्या बंद टाकीत तयार होतात. टेबलावर काम करणाऱ्याने लक्षात ठेवावं: ‘ब्रूट’मध्ये साखर लिटरला १२ ग्रॅमपर्यंत, ‘एक्स्ट्रा ड्राय’मध्ये १२ ते १७, ‘ड्राय’मध्ये १७ ते ३२. म्हणजे ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही ब्रूटपेक्षा गोड. कमी गोड मागणाऱ्या पाहुण्याला ती देऊन बसणं ही नव्यांची ठरलेली चूक.

दक्षिण म्हणजे ऊन, ऊन म्हणजे पिकलेली जड वाईन, हे समीकरण अर्धंच खरं. पुल्यातल्या प्रिमितिव्होला ते लागू पडतं: अल्कोहोल चढं, जॅमसारखं फळ, जनुकीय तपासणीत हाच कॅलिफोर्नियातला झिनफांडेल निघाला. पण काम्पानियातला आल्यानिको डोंगरात उशिरा, कधी नोव्हेंबरपर्यंत पिकतो. रंग गडद, आम्लता चढी, टॅनिन कडक. त्याच्या तौराझी या वाईनला त्यामुळेच किमान ३ वर्षं थांबावं लागतं. सिसिली बेटावरच्या एटना ज्वालामुखीच्या उतारावर काही बागा १००० मीटरपर्यंत आहेत. तिथला नेरेल्लो मास्कालेझे इतका फिका आणि सुगंधी असतो की डोळे झाकून चाखताना भलेभले त्याला नेबिओलो म्हणतात. त्याच बेटावरचा नेरो दाव्होला खालच्या उबदार भागात गडद, गोलसर होतो.

पांढऱ्यांसाठी चार पुरे: सोआव्हेचा गार्गानेगा, मार्के प्रांतातला व्हेर्दिक्यो, काम्पानियातले फियानो आणि ग्रेको. पहिल्या दोघांत शेवटी कडू बदामाची चव शोधा. फियानोत मध आणि हेझलनट, ग्रेकोत तोंडात किंचित पकड.

आयात बाटल्या महाग पडतात, म्हणून सहा-आठ जणांचा गट करा. ५० मिलीच्या मापाने ७५० मिलीच्या बाटलीतून १५ ग्लास निघतात. एका बैठकीत तीनच वाईन, सगळ्यांचे ग्लास एकसारखे, आणि थुंकायला भांडं हवंच. रेड १६ ते १८ अंशांवर द्या. मुंबईच्या खोलीतल्या ३० अंशांवर अल्कोहोल नाकात झोंबतं आणि आम्लता बोथट वाटते. बर्फ-पाणी निम्मं-निम्मं असलेल्या बादलीत दहाएक मिनिटं ठेवा आणि थर्मामीटर लावा. फार थंड केली तर टॅनिन उगाच खरखरीत लागतं. आपल्या हवेत आणखी एक गोष्ट तपासायची: बूच वर आलेलं आहे का, कडेने वाईन झिरपली आहे का. उन्हात राहिलेल्या बाटलीला शिजवलेल्या फळाचा वास येतो आणि नवखा माणूस त्यालाच प्रिमितिव्होचा गुण म्हणून लिहून घेतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब. ती बाटली बाजूला ठेवा, पण फेकण्याआधी सगळ्यांना हुंगायला द्या.

तिसऱ्या पातळीच्या लेखी उत्तरात नुसतं वर्णन केलं तर मार्क अडकतात, कारण जोडावं लागतं. ‘एटना रोस्सोची आम्लता चढी असते’ हे अपुरं. ‘एटनावर बागा उंचावर आहेत, रात्री तापमान बरंच उतरतं, त्यामुळे नेरेल्लो मास्कालेझे सावकाश, ऑक्टोबरपर्यंत पिकतो आणि द्राक्षातलं आम्ल टिकून राहतं’ असं लिहा. प्रत्येक बैठकीनंतर चाखलेल्या तिन्ही वाईनसाठी असं एकेक वाक्य वहीत उतरवा, चवीची आठवण ताजी असतानाच.