संगणकाकडून प्रमेये सिद्ध करून घेताना या चुका टाळा

लीन किंवा रॉक (पूर्वीचे कॉक) यांसारखी, गणिती सिद्धता पायरीपायरीने तपासणारी संगणकीय साधने शिकू लागलेल्यांची पहिली तक्रार बहुधा एकच असते: विधान उघडउघड खरे आहे, तरी यंत्र अडून बसते. लीनमध्ये नैसर्गिक संख्यांसाठी ‘क + ० = क’ हे व्याख्येनेच निकालात निघते, पण ‘० + क = क’ साठी विगमन (० पासून सुरू करून एका संख्येवरून पुढच्या संख्येकडे जाणारी सिद्धता) करावे लागते, कारण तेथे बेरजेची व्याख्या दुसऱ्या संख्येला धरून केलेली आहे; रॉकमध्ये नेमके याच्या उलट आहे. म्हणून एकामागून एक टॅक्टिक (सिद्धता पुढे नेणारी आज्ञा) चालवून पाहण्याआधी व्याख्या उघडून वाचावी.

याहून घातक चूक म्हणजे यंत्राने होकार दिला की आपले प्रमेय सिद्ध झाले, असे समजणे. सिद्ध होते ते लिहिलेले विधान, मनातले नव्हे. लीनमधील नैसर्गिक संख्यांत २ − ३ चे उत्तर ० येते, त्यामुळे ‘क − (क + १) = ०’ हे कागदावर कोणीही खोडून काढील असे विधान तेथे बिनतक्रार सिद्ध होते. गृहीतके परस्परविरोधी असली, तर त्यांतून काहीही सिद्ध करता येते. माझे एक अवघड प्रमेय एकदा दोनच ओळींत सुटले आणि मी खूश झालो. नंतर दिसले की त्यातली दोन गृहीतके एकाच वेळी कधीच खरी होऊ शकत नव्हती. गृहीतके पूर्ण करणारे एखादे छोटे, प्रत्यक्ष उदाहरण आधी घालून पाहिले असते, तर हे तेव्हाच उघडे पडले असते.

विगमन मध्येच अडले, तर पुष्कळदा विधान दुबळे असते. यादी उलटवणाऱ्या फलनात उत्तर साठवणारी दुसरी यादी ‘रिकामी’ धरूनच विगमन केले, तर पुढच्या पायरीला ती यादी रिकामी राहत नाही आणि विगमनाचे गृहीतक लागू होत नाही. ती यादी कोणतीही असू शकते, असे व्यापक विधान घेतले की गाडी पुढे सरकते.

संगणकाने आपणहून चालवलेला सिद्धतेचा शोध थांबत नाही म्हणून विधान खोटे ठरवू नये. प्रथम-क्रम तर्कशास्त्रात (‘प्रत्येक’ आणि ‘काही’ अशी विधाने मांडणाऱ्या तर्कशास्त्रात) प्रत्येक विधानाचा निर्णय देणारी पद्धत असूच शकत नाही, हे चर्च आणि ट्युरिंग या गणितज्ञांनी १९३६ मध्ये दाखवले. शिवाय रॉबिन्स समस्या या बीजगणितातील जुन्या प्रश्नाची सिद्धता १९९६ मध्ये ईक्यूपी या सिद्धता शोधणाऱ्या प्रोग्रॅमला मिळाली, ती सुमारे आठ दिवसांच्या शोधानंतर.

राहता राहिले ‘सॉरी’. लीनमध्ये हा शब्द सिद्धतेतील भोक तात्पुरते झाकतो आणि फक्त इशारा देतो, म्हणून काम संपल्यावर प्रमेय कोणत्या स्वयंसिद्धांवर उभे आहे, हे आज्ञा देऊन तपासावे; राहून गेलेले ‘सॉरी’ त्यात उघडे पडते.