ऑपरेशननंतर हॉस्पिटलवर दावा करायचाय? आधी या चुका टाळा

ऑपरेशन बिघडलं, माणूस महिनाभर आयसीयूत राहिला, आता ग्राहक आयोगात जायचं आहे, असं सांगत लोक येतात आणि टेबलावर बिलांचा गठ्ठा व दोन पानांचं डिस्चार्ज कार्ड ठेवतात. मी गेली बरीच वर्षं अशा कुटुंबांना कागद लावून द्यायला मदत करतो. दु:ख खरं असतं, राग रास्त असतो, पण हातात काहीच नसतं. म्हणून हे लिहितो आहे.

डिस्चार्ज कार्डालाच फाइल समजणं

डिस्चार्ज कार्ड हा हॉस्पिटलने शेवटी लिहिलेला गोषवारा. रात्री दोन वाजता ताप किती होता, कोण बघायला आलं, कोण आलं नाही, हे त्यात सापडत नाही. ते इनडोअर केस पेपरात असतं: ओटी (ऑपरेशन थिएटर) नोट्स, भुलेची नोंद, नाडी-तापाचा चार्ट, सिस्टरांच्या नोंदी, रोजचे राउंड, संमतीपत्र. डॉक्टरांच्या आचरणाविषयीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर हे कागद ७२ तासांत द्यावे लागतात. याच नियमांत ते जपून ठेवण्याची मुदत उपचार सुरू झाल्यापासून फक्त ३ वर्षं आहे.

तोंडी मागू नका. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर तारखेसह शिक्का आणि सही घ्या. शिक्का देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा. कागद हाती आले की मी सगळ्यात आधी पानांना पेन्सिलीने क्रमांक घालतो आणि प्रत्येक पानाचा फोटो काढतो. वाचन त्यानंतर.

एका घराची गोष्ट सांगतो. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना सासऱ्यांच्या पित्तनलिकेला इजा झाली. नवव्या दिवशी त्यांना दुसरीकडे हलवून पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. मुलगा एकच धरून बसला होता, ‘नलिका कापली, आणखी काय पुरावा हवा?’ हलवाहलवीच्या त्या गडबडीतही सुनेने मात्र केस पेपरांसाठी लेखी अर्ज देऊन पोच घेतली होती. तिच्यामुळे फाइल मिळाली. आम्ही ती एका अनुभवी सर्जनना दाखवली. ते स्पष्ट म्हणाले, ‘ही इजा या शस्त्रक्रियेतला माहीत असलेला धोका आहे, चांगल्या हातूनही होते. एवढ्यावर दावा उभा राहणार नाही.’ मुलगा उठून निघाला होता. मग सर्जननी सिस्टरांच्या नोंदी उलटल्या. दुसऱ्या दिवसापासून नाडी चढत गेलेली, पोट फुगलेलं, आणि तीनदा लिहिलेलं, ‘डॉक्टरांना कळवले.’ सिस्टरांनी हे लिहिलं त्या दोन दिवसांत डॉक्टरांची एकही नोंद नाही, सोनोग्राफी नाही, रक्ततपासणी नाही. इजा झाली त्याबद्दल नव्हे, ती ओळखायला लावलेल्या उशिराबद्दल तक्रार दाखल झाली, आणि पुढचा सगळा युक्तिवाद सिस्टरांच्या नोंदींच्या त्या चार पानांवर झाला.

गुंतागुंत झाली म्हणजे हलगर्जीपणाच

मुलाची चूक हीच होती, आणि जवळपास प्रत्येक जण ती करतो. निकाल वाईट लागला एवढ्याने डॉक्टर दोषी ठरत नाही. त्या परिस्थितीत सर्वसाधारण कुशल डॉक्टरने घेतली असती ती काळजी घेतली गेली का, हा प्रश्न असतो. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात हे नीट मांडलं आहे. फौजदारी गुन्ह्यासाठी तर निष्काळजीपणा ढोबळ, अक्षम्य स्वरूपाचा असावा लागतो, म्हणून आधी पोलीस ठाण्यात धावणाऱ्यांना मी थांबवतो.

याची दुसरी बाजूही आहे. ‘संमतीपत्रावर सही केली, आता काय बोलणार?’ असं म्हणून गप्प बसणारेही पाहिलेत. सही धोक्यांची माहिती मिळाल्याची असते, निष्काळजीपणाला दिलेली परवानगी नसते. तपासणीसाठी दिलेल्या संमतीवर गर्भाशय काढल्याच्या प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णाच्या बाजूने निर्णय दिला.

इंटरनेटवरून उचललेली नोटीस नाव बदलून पाठवणाऱ्यांची मला खरंच चीड येते. त्याच विषयाच्या डॉक्टरचं लेखी मत हाती येण्याआधी केलेले आरोप पुढे तुमच्याच अंगावर येतात. हे मत मिळायला वेळ लागतो, दोन-चार जण नाही म्हणतात. तरी विचारत राहा. पोटात गॉज (रक्त टिपायचं जाळीदार कापड) राहिल्यासारख्या उघड चुकीत तज्ज्ञमत लागेलच असं नाही, पण तुमचं प्रकरण त्यात बसतं हे स्वतःच ठरवू नका.

मुदत

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे २ वर्षं. एका बाईंच्या पित्ताशयाचं ऑपरेशन १९९३ मध्ये झालं, पोटातलं गॉज २००२ मध्ये निघालं, तक्रार २००४ मध्ये दाखल झाली. इतकी वर्षं दुखत असूनही शोध घेतला नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती मुदतबाह्य ठरवली. हे वाचल्यापासून मी प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने शेवटची तारीख लिहितो.

बाकीच्या

वॉर्डात आरडाओरडा, तोडफोड कधीही नको. महाराष्ट्रात २०१० पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे आणि तक्रारदाराचा आरोपी होतो.

डॉक्टरचं नाव घेऊन व्हॉट्सअॅपवर पोस्ट टाकू नका.

बिल कमी करतो म्हणून पुढे केलेल्या ‘तक्रार नाही’ अशा कागदावर न वाचता सही करू नका.

मेडिकल कौन्सिलकडून भरपाई मिळत नाही. तिथे डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई होते.

सगळ्यांवर पूर्ण मोफत उपचार करणाऱ्या दवाखान्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, तिथे दिवाणी न्यायालय.

हॉस्पिटल दूरच्या शहरात असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. हे माहीत नसल्याने कितीतरी जण घरीच बसतात.

आणि रागाच्या भरात पुढचे उपचार सोडू नका. दुसऱ्या डॉक्टरकडे जा, पण जा. प्रत्येक भेटीचा कागद आणि औषधाची पावती त्याच फाइलला लावा.