सर्व्हरला कार्ड किंवा डिस्क दिसत नसेल तर

नवं कार्ड बसवलं, सर्व्हर चालू केला आणि कार्डाचा पत्ताच नाही, की पहिली धाव ड्रायव्हरकडे जाते. तसं करू नका. लिनक्सवर आधी एलएसपीसीआय कमांड चालवा, ती मशीनला दिसणाऱ्या पीसीआय कार्डांची यादी देते. यादीत कार्ड आहे पण चालत नाही, तर ड्रायव्हर शोधा. यादीतच नसेल, तर ड्रायव्हर बदलून काहीही होणार नाही. घोळ स्लॉटमध्ये, वीजपुरवठ्यात नाहीतर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) आहे. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अननोन डिव्हाइस’ दिसलं तर ती त्यामानाने चांगली बातमी समजा: कार्ड दिसतंय, फक्त ड्रायव्हर हवा.

बायोसला हात लावण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला की अनेक बोर्डांवर सगळ्या सेटिंग मूळपदावर जातात, आणि त्या कुणालाच आठवत नसतात.

मग स्लॉट. दोन सॉकेटच्या बोर्डावर एकच प्रोसेसर असेल, तर दुसऱ्या प्रोसेसरला जोडलेले स्लॉट मेलेलेच असतात. कोणता स्लॉट कुणाचा, हे मॅन्युअलमधल्या ब्लॉक डायग्रॅममध्ये असतं. लांबीवरही जाऊ नका: १६ लेनच्या लांबीच्या स्लॉटमध्ये आतून ८ किंवा ४ लेनच (डेटा जाण्याच्या वाटा) जोडलेल्या असू शकतात.

सगळ्यात जास्त डोकं खातं ते चार एम.२ एसएसडी (पट्टीसारख्या छोट्या डिस्क) घेणारं स्वस्त कार्ड. प्रत्येक एनव्हीएमई (थेट पीसीआय लेनवर चालणाऱ्या) एसएसडीला साधारण ४ लेन लागतात, आणि या कार्डावर लेन वाटून देणारी स्विच चिप नसते. ते काम बायोसमधल्या बायफर्केशनने (स्लॉटच्या लेन वाटण्याच्या सेटिंगने) करायचं: १६ लेनच्या स्लॉटला ४-४-४-४ अशी विभागणी द्यायची. डेलच्या पॉवरएजवर इंटिग्रेटेड डिव्हाइसेसमध्ये स्लॉट बायफर्केशन सापडतं. सुपरमायक्रोच्या झिऑन (इंटेलचे सर्व्हर प्रोसेसर) बोर्डांवर बहुधा ॲडव्हान्स्ड, चिपसेट कॉन्फिगरेशन, नॉर्थ ब्रिज, आयआयओ कॉन्फिगरेशन इतकं खोल जावं लागतं. आणि तिथे स्लॉट नंबरऐवजी आयओयू क्रमांक (प्रोसेसरमधल्या लेनच्या गटांचे) दिसले, तर पुन्हा ब्लॉक डायग्रॅम काढा.

किती एसएसडी दिसतात त्यावरून चूक ओळखता येते. फक्त पहिली दिसली, तर विभागणी झालेलीच नाही. पहिली आणि तिसरी दिसली, तर ८-८ लागलंय. पहिली आणि दुसरी दिसली, तर स्लॉटला मुळात ८ लेनच आहेत. कार्ड दुसरीकडे हलवा. बायोसमध्ये बायफर्केशनच नसेल तर स्विच चिपवालं महाग कार्ड घेण्यावाचून इलाज नाही.

जीपीयूचं दुखणं वेगळं. टेस्ला पी४० सारख्या २४ जीबी मेमरीच्या कार्डाला मोठी ॲड्रेस जागा लागते आणि ती ४ जीबीच्या खाली मावत नाही. ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ चालू करा. बंद असेल तर मशीन सुरू होतानाच अडकतं, किंवा कार्ड यादीत दिसतं पण डीमेसेजमध्ये (लिनक्स कर्नलच्या नोंदींत) बारसाठी, म्हणजे कार्डाने मागितलेल्या ॲड्रेस पट्ट्यासाठी, जागा नसल्याची तक्रार येते. याच कार्डाची वीज जोडायची ८ पिनची जागा प्रोसेसरच्या केबलसारखी आहे, साध्या ग्राफिक्स कार्डासारखी नाही. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट्या बाजूंना असतात. केबल जोर लावून घुसवू नका.

विंडोज इन्स्टॉल करताना एनव्हीएमई डिस्क गायब असेल आणि मशीन इंटेलचं असेल, तर बायोसमध्ये व्हीएमडी (एनव्हीएमई डिस्क स्वतःच्या ताब्यात घेणारी इंटेलची सोय) चालू आहे का बघा. इन्स्टॉलरला त्याचा ड्रायव्हर द्या किंवा व्हीएमडी बंद करा. मात्र त्यावर आधीच रेड (अनेक डिस्कांचा एकत्र ॲरे) बांधलेला असेल तर बंद करू नका, ॲरे सापडणार नाही. रेड कंट्रोलरला लावलेली डिस्क तर व्हर्च्युअल डिस्क बनवेपर्यंत किंवा एचबीए मोड (डिस्क थेट सिस्टिमला दाखवणारा) देईपर्यंत बहुधा दिसतच नाही.

साटा डिस्क फिरण्याचा आवाजही येत नसेल, तर नव्या मोठ्या डिस्कमधली पॉवर डिसेबल ही सोय हे कारण असू शकतं. पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनला ३.३ व्होल्ट मिळाले की अशी डिस्क बंदच राहते. त्या पिनवर कॅप्टॉन टेपचा (वीज न वाहू देणारी टेप) बारीक तुकडा लावला की काम होतं.

जुन्या स्टोरेज ॲरेतून काढलेल्या एसएएस (सर्व्हरमध्ये वापरल्या जाणाऱ्या) डिस्क बाजारात स्वस्तात मिळतात. एलएसएससीएसआय या डिस्कची यादी देणाऱ्या कमांडमध्ये नाव येतं, पण डिस्क वापरता येत नाही, क्षमता शून्य दिसते. त्यांचे सेक्टर ५१२ऐवजी ५२० बाइटचे असतात. लिनक्सच्या एसजी३-यूटिल्स पॅकेजमधल्या एसजी-फॉरमॅट कमांडने आकार ५१२ देऊन फॉरमॅट करा. डिस्कवरचं सगळं जाईल, आणि मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतील. मधेच लाइट गेली तर डिस्क ‘फॉरमॅट करप्ट’ म्हणून अडून बसते आणि फॉरमॅट पहिल्यापासून करावं लागतं, तेव्हा यूपीएसवर लावूनच सुरुवात करा.