साताऱ्यातून गोल्फवर पोट भरायचं असेल तर

मी मेढ्याकडचा. दहावीनंतर पुण्यात येरवड्याच्या कोर्सवर कॅडी म्हणून लागलो, सहा वर्षं दुसऱ्यांच्या बॅगा वाहिल्या, मग स्वतः व्यावसायिक खेळलो. आता साताऱ्यात पोरांना शिकवतो. पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "सर, ह्याला ड्रायव्हर कुठला घेऊ?"

ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, दोन वर्षं घेऊच नका. पुटर घ्या, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायची काठी, जुना असला तरी चालेल. पार 72 च्या, म्हणजे अठरा होल 72 फटक्यांत संपवायच्या कोर्सवर प्रत्येक होलला पुटरचे दोन फटके धरलेले असतात. म्हणजे 36 फटके, निम्मा खेळ ग्रीनवरच, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर. आणि तो अंगणात शिकता येतो. ड्रेनेजचा 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप आणा, वीतभर तुकडा कापून जमिनीत पुरा. गोल्फचा होल 108 मिलिमीटरचा. पाईप आतून त्याहून थोडा अरुंदच भरतो. इथं चेंडू पडायला लागला की कोर्सवरचा होल मोठा दिसतो. भोवतीची माती धुम्मसानं चोपून सारवून घ्या. तीन फुटांवरून सलग पन्नास पडल्याशिवाय जेवायला उठायचं नाही. एकोणपन्नासावा हुकला तर पुन्हा एकपासून. माझी आई ताट झाकून ठेवायची, हाक मारायची नाही.

लांब फटक्यांसाठी शनिवारी पहाटेची एसटी पकडून पुण्यातली ड्रायव्हिंग रेंज गाठा; तिथं बादलीच्या हिशोबानं चेंडू मिळतात. बाकी दिवस आपले उतार आहेतच. रस्ता आणि गुरं लांब असतील अशी पड जमीन बघा. चेंडू पायांपेक्षा वर असला की उजव्या हाताच्या खेळाडूचा फटका डावीकडे ओढला जातो, खाली असला की उजवीकडे. हे शरीरात मुरायला डोंगरउतारासारखी जागा नाही.

व्यावसायिक व्हायची घाई करू नका, हे मी हात जोडून सांगतो. एकदा झालात की हौशी स्पर्धा बंद. आधी हॅण्डिकॅप काढा, म्हणजे तुम्ही पारच्या साधारण किती वर खेळता तो आकडा, इंडियन गोल्फ युनियनच्या हौशी स्पर्धा खेळा. अनोळखी कोर्सवर सलग दहा राउंड पारच्या आसपास आले, की मग पीजीटीआयच्या (व्यावसायिकांची टूर, म्हणजे स्पर्धांची मालिका, भरवणारी भारतातली संस्था) क्वालिफाइंग स्कूलचा अर्ज भरा. नाव स्कूल, पण ती स्पर्धाच असते, आणि त्यातून टूरवर खेळायचं कार्ड मिळतं. गरिबाला हे जमत नाही असं कुणी म्हणालं तर अली शेरचं नाव सांगा. तोही दिल्लीत कॅडी होता, 1991 साली इंडियन ओपन जिंकला. आपल्या पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिक खेळून आला.

पैशाचं आधी बोलून घ्या. चार दिवसांच्या स्पर्धेत दोन दिवसांनी कट लागतो, म्हणजे मागे पडलेल्यांचा खेळ तिथंच संपतो. कट हुकला तर बक्षिसाचा एक रुपया नाही. प्रवेश फी, रेल्वे, लॉज, कॅडीचे पैसे मात्र गेलेले असतात. वर्षभर एकही कट मिळाला नाही तरी घर चालेल एवढी सोय असू द्या. मी केली नव्हती. वडिलांनी दोन म्हशी विकल्या, ते अजून सलतं.

आणि स्कोअरकार्ड. पहिल्याच वर्षी सातव्या होलला माझे पाच फटके झाले होते, माझं कार्ड लिहिणाऱ्यानं चार मांडले. उन्हानं डोकं भणभणत होतं, मी न बघता सही केली. खऱ्यापेक्षा कमी आकड्यावर सही म्हणजे स्पर्धेतून बाद. जास्त आकड्यावर केली तर तोच जास्त आकडा धरतात. खेळ चांगला झाला होता, कट नक्की मिळाला असता. त्या रात्री एसटीत खंबाटकी घाट संपला तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. म्हणून माझ्याकडची पोरं अंगणातल्या खेळाचंसुद्धा कार्ड भरतात. आधी पाणी प्यायचं, मग सावलीत बसून पहिल्या होलपासून एकेक आकडा मोठ्यानं वाचायचा, जोडीदारानं "बरोबर" म्हणायचं, आणि अठरावा झाल्यावरच पेनाचं टोपण काढायचं.