वाडीत ‘उकिगुमो’ दाखवायचा असेल तर

मिकिओ नारुसे यांचा १९५५ सालचा ‘उकिगुमो’, म्हणजे ‘तरंगते ढग’, हा जपानी चित्रपट आपल्या वाडीत चार माणसे जमवून दाखवायचा असेल, तर पहिला विचार पावसाचा करावा. संवाद जपानी आहेत, तेव्हा ते ऐकू आले नाहीत तरी काय बिघडते, असे समजून मी पहिला प्रयोग आषाढात पत्र्याच्या मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात, केला आणि फसलो. नायिकेचे काम करणाऱ्या हिदेको ताकामिने यांचा आवाज भांडणात चढत नाही, खाली उतरतो, आणि नेमका तोच पावसात बुडाला. तेव्हापासून मी कौलारू घराचे माजघर निवडतो. पांढरी चादर ताणून बांधावी आणि इन्व्हर्टर आदल्या दिवशी तपासावा.

उपशीर्षके इंग्रजी असल्यास आधी थोडी कथा सांगणे भाग पडते. फुमिको हायाशी यांच्या कादंबरीवरून घेतलेल्या या कथेत, वनखात्याच्या कामासाठी युद्धकाळात फ्रेंच इंडोचायनातील (आजच्या व्हिएतनाममधील) दालात येथे गेलेला विवाहित तोमिओका आणि तेथेच टंकलेखिका म्हणून आलेली यूकिको यांचे संबंध जुळतात. युद्ध संपल्यावर ती टोकियोला परतते, तेव्हा तो ना पत्नीला सोडतो, ना हिला. इतकेच सांगावे. इकाहोच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर काय घडते, ते मुळीच फोडू नये. आमच्याकडच्या ज्येष्ठ बायकांना तर एवढीही प्रस्तावना लागत नाही. ज्यांच्या गावात मुंबईच्या मनीऑर्डरी अचानक आटल्या आहेत, त्यांना ‘दुसरे बिऱ्हाड’ हे दोन शब्द पुरतात.

प्रेक्षकांना एकच गोष्ट आवर्जून पाहायला सांगावी, ती म्हणजे या दोघांचे चालणे. नारुसे त्यांना पुन्हा पुन्हा रस्त्याने चालवतात, कारण पडक्या टोकियोत त्यांना निवांत बसायला हक्काची जागा नाही. कोण अर्धे पाऊल पुढे आहे आणि कोण थांबून मागे वळते, यावर लक्ष ठेवले की त्या क्षणी नात्याचा तोल कोणाकडे आहे ते संवादाआधी कळते. दालातच्या आठवणींतला लख्ख उजेड आणि परतल्यानंतरच्या खोल्यांतला अंधार हाही फरक दाखवून द्यावा.

शेवटचा भाग याकुशिमा बेटावर घडतो, जेथे महिन्याला ३५ दिवस पाऊस पडतो असे म्हणतात. त्या वेळी चहा फिरवू नये आणि चित्रपट संपताच दिवाही लावू नये.

चर्चेत ‘चूक कोणाची’ हा प्रश्न निघाला की रात्र त्यातच जाते, म्हणून तो बाजूला ठेवून, प्रत्येक वळणावर यूकिकोच्या हातात किती पैसे होते आणि राहायला कोणती खोली होती, हे विचारावे. आमच्या एका काकूंनी मात्र याहून नेमके विचारले होते, ‘‘आणि तेची बायल खंय गेली?’’ म्हणजे, त्याची बायको कुठे गेली? असा प्रश्न आला, तर उत्तर देत बसू नये. यूकिको पहिल्यांदा तोमिओकाच्या घरी जाते, तो दारातला प्रसंग पुन्हा लावावा.